मोजता न येणारं नाम

बुधवारी संध्याकाळी, मिडल्सब्रोमध्ये,
चर्चच्या मागच्या हॉलात मी इंग्रजी शिकवते.
सात खुर्च्या, खोकणारा हीटर,
आणि चहाची किटली, तिच्यावर मॉरीनचा पहारा.

त्या दिवशी मॉरीन लंगडतच आली.
नवे बूट काढून टेबलाखाली भिरकावले,
म्हणाली, टॉर्चर आहेत मेले, निव्वळ टॉर्चर,
आणि भाचीच्या लग्नात हेच घालायचेत!
वर्ग हसला.
हेमिनने शब्द वहीत उतरवला
डावीकडून उजवीकडे, अजून अंगवळणी न पडलेल्या दिशेनं,
आणि हात वर केला. खांद्यापर्यंतच.
त्याच्यावर जात नाही तो.

मिस, हा तोच का?
वकिलाच्या फॉर्मवरचा? पान नऊ?

तोच, म्हटलं. स्पेलिंगही तेच.
आणि फळ्याकडे वळले. फळ्याची एक सोय असते,
आपलं तोंड कुणाला दिसत नाही.
लिहिलं: क्रियापद. नामसुद्धा.
नाम असेल तर मोजता येत नाही,
पाण्यासारखं, तांदळासारखं.
एक टॉर्चर, दोन टॉर्चर, असं म्हणत नाहीत.

मागून इखलास म्हणाली,
मग फॉर्मवर 'किती वेळा' असं का विचारतात?

मी मार्करला टोपण लावलं.
काढलं. पुन्हा लावलं.

रात्री डिक्शनरी घेऊन बसले.
मूळ लॅटिन, अर्थ पिळणं.
म्हणजे आपल्या शेजारचंच की.
आपण धुणं पिळतो, कान पिळतो,
इचलकरंजीत माझे बाबा सूत दोन बोटांत धरून
डोळे मिटून पीळ सांगायचे,
आणि पीळ नसलेलं सूत मागावर टिकत नाही म्हणायचे.
किती छळशील गं, असं म्हणत
आई माझ्या केसांतला गुंता सोडवायची.
शेजारच्या कुमुदवहिनी म्हणायच्या, जाच आहे हो फार.
आम्ही ते डाळीच्या भावासारखं ऐकलं,
च् च् केलं, वाटीभर साखर परत दिली.
पुढे पेपरात चार ओळी आल्या.
त्यांत तो शब्द होता.
तेव्हा तो मी पहिल्यांदा वाचला.

सुंभ जळला तरी पीळ जळत नाही:
ही म्हण मी पुढच्या बुधवारसाठी काढून ठेवली.
भाषांतरही केलं, सोपं, वर्तमानकाळात.
बसमध्ये दोनदा पुटपुटले.
मग आठवलं, आपण ती ताठ्यासाठी वापरतो,
हट्टी माणसाला टोमणा म्हणून.
आणि कुणाचं जळलेलं काही हातात घेऊन
त्यालाच त्यातला धडा दाखवायचा
हे मला कुणी सांगितलंय?
म्हण पर्समध्येच राहिली, तिकिटाबरोबर.

हेमिन लवकर आला होता.
मॉरीनचे बूट मागच्या बुधवारी तोच घेऊन गेला होता.
ओल्या कागदाचे बोळे, लाकडाचा तुकडा, मेण,
सुलेमानियात काकाच्या दुकानात बारा वर्षं
लोकांचे पाय त्यानं असेच मोकळे केले होते.
मॉरीन घालून हॉलभर फिरली, थोडी नाचलीसुद्धा.
नो टॉर्चर, तो म्हणाला.
न मोजता येणाऱ्या नामापुढे 'नो' चालतं.
मी मान डोलावली.

मग त्यानं पिशवीतून पान नऊ काढलं.
घडीवर घड्या, कडा मऊ झालेल्या.
किती वेळा, याच्यापुढची चौकट.
आत पेन्सिलीनं, लहान अक्षरांत
त्यानं लिहिलं होतं: अनकाउंटेबल.

स्पेलिंग बघा, मिस.

एक अक्षर राहिलं होतं. मी ते घातलं.
बाहेर टीस नदीवरून वारा आला, दार दोनदा वाजलं.
शाईनं लिही, म्हटलं,
आणि त्याला माझं पेन दिलं.